आरंभी जोडलेले हात

आमचे भौतिकशास्त्राचे सर गेले तेव्हा मी त्यांच्यापासून फार दूर होतो. ज्या संस्थेत त्यांनी आयुष्यभर शिकवले, तिने श्रद्धांजलीसाठी संकेतस्थळावर एक पान उघडले. देशभरातून विद्यार्थी लिहू लागले. कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत, बरेचसे इंग्रजीत. मीही रात्री बसून मराठीत तीसेक ओळी लिहिल्या. पत्राच्या आरंभी ‘सा. न. वि. वि.’ लिहिण्याची घरची सवय. तिच्याच ओघात पहिल्या शब्दाआधी जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकले. सकाळी पाहतो तो माझ्या नावाखाली कोरी चौकट.

अशा कोऱ्या चौकटी आणखीही होत्या. काही संदेश मध्येच, वाक्य अर्धे असताना थांबले होते. इतर पूर्ण दिसत होते. पण त्यांतल्या एकातही ते चिन्ह नव्हते. तेव्हा उलगडा झाला. ज्यांनी शेवटी हात जोडले त्यांचे शब्द वाचले, केवळ हात गळले. ज्यांनी आरंभीच जोडले, त्यांचे सर्वच गेले.

कारण साधे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरीचे क्रमांक २,३०४ पासून सुरू होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत त्यांतील प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत मावते. ‘नमस्कार’ हा शब्द संगणकाच्या लेखी ७ चिन्हांचा, कारण हलन्ताचे चिन्ह आणि काना वेगळे मोजले जातात. म्हणजे २१ बाइट. जोडलेल्या हातांचा क्रमांक आहे १,२८,५९१. तीन बाइटांची धाव ६५,५३५ पर्यंतच, म्हणून या चिन्हाला ४ बाइट लागतात. संस्थेच्या जुन्या विदासंचात मजकुराचा रकाना तीन बाइटांच्या मापाने आखलेला होता. चार बाइटांचे चिन्ह भेटताच तो तेथून पुढचा सारा मजकूर टाकून देई, आणि तक्रारही करीत नसे. हा मुकेपणा मला अधिक लागला. निदान ‘स्वीकारता येत नाही’ असे म्हटले असते तर मी प्रत ठेवली असती.

हे चिन्ह मुळात आपले नव्हे. इमोजी जपानी मोबाइल कंपन्यांच्या संचांतून आल्या. तिकडे हात जोडणे म्हणजे विनंती, आभार, क्षमायाचना. २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत हे चिन्ह आले, तेव्हा त्याचे नाव ठरले ‘हात जोडलेली व्यक्ती’. आज बहुतेक पडद्यांवर व्यक्ती दिसत नाही, केवळ हात दिसतात; तरी नाव बदलता येत नाही, कारण एकदा दिलेले नाव कायम ठेवण्याचा युनिकोडचा नियमच आहे. काहींना त्यात दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी दिसते, त्याला काय म्हणावे! २०१५ पासून पाच वर्णछटांची चिन्हे आली. ती त्वचाविज्ञानातील फिट्झपॅट्रिक मापनश्रेणीवर बेतलेली आहेत. तिचे प्रकार सहा, पैकी पहिले दोन एकत्र केले. छटा हे स्वतंत्र चिन्ह असून ते हातांच्या मागोमाग जोडले जाते, त्यामुळे सावळे हात ८ बाइटांचे होतात.

मी संस्थेत फोन केला. पलीकडचा तरुण संगणक-अभियंता मनापासून ओशाळला. रकाना चार बाइटांचा करून देतो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी केलाही. पण गेलेला मजकूर कोठेही उरलेला नव्हता. तो साठवलाच गेला नव्हता.

रात्री पुन्हा लिहायला बसलो. सर फळ्यावरचे समीकरण पुसण्यापूर्वी एकदा मागे वळून वर्गाकडे पाहत, हे आदल्या रात्री मला नेमक्या शब्दांत सांगता आले होते. ते शब्द परत आले नाहीत. चारच ओळी झाल्या. हात मात्र पुन्हा आरंभीच जोडले.