यहूदाने नाणी परत केली तेव्हा

2023 सालच्या झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाच्या वाचनात मुख्य याजकांचे संवाद माझ्या वाट्याला आले होते. त्या वर्षीचे वाचन मत्तयच्या शुभवर्तमानातून होते, आणि यहूदा चांदीची तीस नाणी परत करण्यासाठी मंदिरात गेला, हे चौघा शुभवर्तमानकारांपैकी एकटा मत्तयच सांगतो. याजकांनी त्याला दिलेले उत्तर वाचताना माझा आवाज अडखळला. मंडळींना वाटले असेल, चष्मा घरी राहिला.

यहूदाने असे का केले, हा प्रश्न मला लहानपणी पडतच नसे. तो लोभी होता, संपले! योहान त्याला थैलीतले पैसे चोरणारा म्हणतो खरा; पण बेथानीचे सुगंधी तेल तीनशे दिनारांना विकता आले असते, हा हिशेबही तेथे यहूदाच मांडतो. एका नाण्याचे चार दिनार धरले, तर तीस नाण्यांचे 120 होतात. तेलाच्या निम्म्याहूनही कमी. निर्गम ग्रंथात बैलाने शिंगाने मारलेल्या गुलामाची भरपाई तीस शेकेलच सांगितली आहे. इतका हिशेबी माणूस गुरूला इतक्या स्वस्तात विकतो, हे केवळ लोभाने उलगडत नाही. काही अभ्यासक म्हणतात, रोमनांविरुद्ध उठणारा मसीहा त्याला हवा होता, म्हणून त्याने प्रभूला पेचात धरले. मला ते पटते आणि पटतही नाही. मार्क कारण देत नाही. लूक सैतानाचे नाव घेतो. कदाचित यहूदालाही ते धड सांगता आले नसते.

त्याचा पश्चात्ताप मात्र स्पष्ट आहे. प्रायश्चित्त संस्कारासाठी आपल्याला जे शिकवले जाते, ते बहुतेक सारे त्यात आहे : अंतःकरणाचे दुःख, तोंडाने दिलेली कबुली, घेतलेल्या पैशाची परतफेड. शिवाय प्रभू निर्दोष असल्याची साक्ष, तीही त्याला दोषी ठरविणाऱ्यांसमोर. त्या सकाळी इतर शिष्यांपैकी कोणी एवढे धैर्य दाखवले? पण तो गेला कोणाकडे? पाप्यासाठी अर्पण करणे हेच ज्यांचे काम, त्यांच्याकडे. त्यांनी त्याला वाटेला लावले. नाण्यांचे काय करावे, हे मात्र नियम पाहून ठरवले आणि कुंभाराचे शेत विकत घेतले.

अनेक वर्षांपूर्वी मी एका पतपेढीच्या समितीवर होतो. हिशेबात अफरातफर केलेला एक तरुण कारकून एका रात्री माझ्या दारी आला. रक्कम वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. ‘‘सर, मी चुकलो,’’ एवढेच तो म्हणाला. ‘‘जे काय ते समितीसमोर बोल,’’ असे मी उंबरठ्यावरूनच सांगितले. पैसे तेवढे मोजून घेतले, पावतीही दिली. आठवड्याभरात तो गाव सोडून गेला.

पेत्रही त्या रात्री चुकला आणि रडला. पण रविवारी पहाटे मरिया माग्दालेना धावत आली, तेव्हा तो दुसऱ्या शिष्याबरोबर होता, एकटा नव्हता.

फ्रान्समध्ये वेझले येथे बाराव्या शतकातील एका महामंदिरात स्तंभशीर्षाच्या एका बाजूस गळफास घेतलेला यहूदा कोरला आहे. दुसऱ्या बाजूस एक माणूस त्याचा देह खांद्यावरून नेत आहे. पोप फ्रान्सिस यांना त्या माणसात उत्तम मेंढपाळ दिसे. त्या शिल्पाचे छायाचित्र मी प्रार्थनापुस्तकात ठेवले आहे. कारकुनाचा पत्ता त्याच्या मामांकडून मिळाला. पत्र दोनदा लिहून फाडले. तिसरे टेबलावर आहे.