शेळीचा गुन्हा

आमची मोटारसायकल त्या दिवशी घरी आली ती छोट्या टेंपोत आडवी होऊन. तिच्या शेजारी, गुडघा फुटलेला आणि शर्टाची एक बाही लोंबणारी अशा थाटात अस्मादिक बसले होते. गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. दारात गल्ली जमली. 'काय झालं?' ह्या प्रश्नाला उत्तर देणे भागच होते, आणि ते मी माहुलीच्या पुलापासून साताऱ्यात येईपर्यंत घोकून ठेवले होते.

"शेळी आडवी आली," मी म्हणालो.

ह्या तीन शब्दांनी सारे काम केले. कोणाला आपल्या मेव्हण्याची शेळी आठवली, कोणाला फलटणच्या रस्त्यावरचा बोकड. शेळ्या मोकळ्या सोडणाऱ्यांना ह्या देशात कायदा आहे की नाही, अशी चर्चा पार चहा होईपर्यंत चालली. माझ्या गुडघ्यावर हळद चेपता चेपता सौभाग्यवतींनीही त्या अज्ञात शेळीचा उद्धार केला. अण्णा तेवढे पडवीतल्या खुर्चीत गप्प होते. वय शहाऐंशी, एका डोळ्याचा कारभार काचबिंदूने गुंडाळलेला, दुसऱ्याचा जेमतेम चालू. गर्दी पांगल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ब्रेक लागला का रे?"

"लागला की! पण शेळी अगदी चाकाखालीच आली."

"हं," अण्णा म्हणाले.

ही गाडी अण्णांची. १९६८ साली एस. टी.च्या वर्कशॉपमधल्या नोकरीच्या जोरावर, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली मरून रंगाची जावा. मूळ घराणे झेकोस्लोव्हाकियाचे. यानेचेक नावाच्या कारखानदाराने 'वाँडरर' ह्या जर्मन गाडीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन दोन अक्षरे जोडून १९२९ साली हे बारसे केले. आपल्याकडे १९६१पासून म्हैसूरच्या कारखान्यात ती होऊ लागली, १९७३पासून तिला येझदी म्हणू लागले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण नव्या चार स्ट्रोकच्या इंजिनावर बसून. जुन्या गाडीची मौज दोन स्ट्रोकच्या त्या टणटणाटात आणि तिच्या एका दांडीत. तीच दांडी आत दाबून मागे फिरवली की किक, आणि गाडी सुरू झाल्यावर पुढे वळवली की तोच गिअर. पाहुण्याने गाडी मागितली की अण्णा ती खुशाल देत, आणि किक कुठे आहे हे मात्र सांगत नसत.

तर अशा ह्या गाडीची अवस्था आता पाहवत नव्हती. पुढचे चाक पापडासारखे वाकडे, मडगार्ड चेपून टायरला चिकटलेले, दिव्याची काच कोरेगाव रस्त्यावरच राहिलेली. टाकीच्या डाव्या अंगाला, बरोबर चकाकत्या क्रोमच्या भागात, नारळाएवढा खळगा. भंगारवाल्याने तिच्याकडे पाहून जो आकडा सांगितला तो ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "देऊन टाका." मीही मान हलवली. खरे सांगायचे तर गाडी लवकरात लवकर दृष्टीआड व्हावी असे मलाच फार वाटत होते.

"खोलू या," अण्णा म्हणाले.

झाले! पडवीत जुनी सतरंजी पसरली. अण्णा खुर्चीत, मी जमिनीवर. घरातले श्रीखंडाचे सगळे रिकामे डबे जप्त झाले. एका डब्यात एकाच जागचे नटबोल्ट, आणि वर कागदाची चिठ्ठी. "बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत गेला पाहिजे. त्यांचंही जमलेलं असतं," हा अण्णांचा पहिला धडा. बँकेत तीस वर्षे खाती जुळवलेल्या मला ही शिस्त नवी नव्हती, पण ग्रीसमध्ये ती पाळणे म्हणजे काय हे आठ दिवसांत कळले. टाकीतले पेट्रोल काढून ती साबणाच्या पाण्याने तीनदा विसळली आणि तोंड उघडे ठेवून परसात दूर ठेवली. पेट्रोल सांडले तर दिसते. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ दिसत नाही, आणि भडका तीच उडवते. अण्णांच्या उमेदीत टाकीला डाग द्यायला बसलेल्या एका कारागिराच्या भुवया कायमच्या गेल्या होत्या म्हणे.

फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहायला त्यांनी नुसता दोरा मागितला. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी तो ताणून पुढे नेला; फ्रेम वाचली होती. पुढच्या फोर्कच्या दोन दांड्या मात्र संशयित. माझ्या टेबलावरची जाड काच काढली आणि तिच्यावर दांडी लोळवली. सरळ दांडी गुपचूप लोळते. वाकडी टकटक करते आणि तिच्याखाली उजेडाची फट उघडझाप करते. एक टकटकली. लेथवाला म्हणाला, प्रेसमध्ये सरळ करून देतो. अण्णा म्हणाले, "एकदा वाकलेली नळी सरळ दिसते, सरळ होत नाही." मग मी पुण्याला नाना पेठेत दोन दिवस दुकाने पालथी घालून जुनीच, पण न वाकलेली दांडी आणली. कोनसेटचे छर्रेही नवे घातले.

चाकाला नवी रिम आणून छत्तीस तारा ओवल्या, फोर्कमध्ये अडकवून फिरवले, आणि खडू धरून बसलो. रिम जिथे डावीकडे झुकते तिथे खडू लागतो. तिथली उजवीकडची तार पाव आटा आवळायची, डावीची तेवढीच सैल करायची, पुन्हा फिरवायचे. अर्धा आटा फिरवायची हाव धरली की चाक दुसरीकडे पळते. अण्णांना खडू दिसत नव्हता, तो लागल्याचा आवाज ते ऐकत. "हां, लागला. मागची तार." तीन संध्याकाळी ह्यात गेल्या, आणि मला त्यांचा कंटाळा आला नाही.

पुढच्या चाकाचा ड्रम आणि ब्रेकशू मी एका डब्यात घालून अगदी तळाशी, फडक्याखाली ठेवले होते. मुलीने तो डबा धुवायला म्हणून उपसला आणि ड्रम आजोबांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी ड्रमच्या आत बोट घातले. आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. तिथे ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे होते, आणि त्यांत नख अडकत होते. मग त्यांनी ब्रेकशू हातात घेतले. लायनर पार झिजून रिबिटांची डोकी उघडी पडली होती. महिनाभर लायनर नव्हे, ती पितळी डोकीच ड्रमवर घासत होती. ती घासाघीस मला ऐकू येत होती. पावसाळ्यातली माती असेल म्हणून मी केबलचा नट आवळीत गेलो, तो आटे संपेपर्यंत.

त्या दिवशी रस्त्यात शेळ्या होत्या, हे खरे. पण त्या गरीब बिचाऱ्या डाव्या कडेने ओळीने चालल्या होत्या. पुढची ट्रॉली थांबली, मी पुढचा ब्रेक दाबला, तो मुठीला जाऊन टेकला आणि काहीच झाले नाही. घाबरून मागचा दाबला तर ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरून थेट किलोमीटरच्या दगडावर. शेळ्या पळाल्या त्या नंतर, आवाजाला भिऊन.

अण्णांनी शू खाली ठेवले. हात पुसले. "शेळी कोणत्या बाजूनं आली होती म्हणालास?"

"डावीकडून," मी म्हणालो. सत्तावन्न वर्षांचा माणूस बापापुढे किती सहज खोटे बोलतो!

त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत, आणि तेच मला जड जाऊ लागले.

पुढे रंगाचे पर्व. गाडीच्या कागदावर मरून लिहिले आहे, तेव्हा रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पण भाद्रपदात फवारणी करायला अण्णांनी साफ मनाई केली. ह्या रंगातला थिनर इतक्या झपाट्याने उडतो की पत्रा गार पडतो, दमट हवेतले पाणी त्याच्यावर धरते, आणि मरून रंगावर पांढुरकी साय येते. तोवर घासा! जुना रंग खरवडून उघड्या पत्र्याला प्रायमर दिला. मडगार्ड ठोकून शक्य तेवढे सरळ केले होते. राहिलेल्या खोलगटांत लांबी भरली, पातळ पातळ थर देऊन, कारण जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पुढे तडकतो. मग एकशेवीस नंबरचा कागद, मग दोनशेवीस, मग पाण्यातून चारशे. दसऱ्याला गाडी सुटीच होती. मुलीने उघड्या फ्रेमला आणि इंजिनाला झेंडूची एक एक माळ घातली.

टाकीवरच्या खळग्याचे काय करायचे ते ठरेना. अडचण अशी, की क्रोमखाली लांबी भरता येत नाही. पत्राच नीट करावा लागतो, नाहीतर मुलामा प्रत्येक खड्डा अधिकच झळकावतो. "वरून रंगच मारू," मी सुचवले. "लांबी भरू, मरून मारू, कोणाला कळतंय?"

अण्णा तेव्हा मडगार्डावरून तळवा फिरवीत होते. डोळ्याला न दिसणारी उंचसखल जागा तळव्याला लागते. एका जागी हात थांबला. "इथं भरलंयस."

"दिसतंय?"

"छे. हाताला लागतं."

मी कागद खाली ठेवला. "अण्णा, शेळी आडवी आली नव्हती."

"ते ड्रमनं सांगितलं मला." ते शांतपणे म्हणाले, आणि मग एकदम आवाज चढला. असा आवाज मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. "तू पडलास त्याचं काही नाही. आदल्या दिवशी मागं पोरगी बसली होती! तिला क्लासला सोडून आलास ह्याच ब्रेकवर. घासल्याचा आवाज येतो आणि तू नट आवळतोस? अडतीस वर्षं मी एस. टी.चे ब्रेक केले. गाडीत चाळीस माणसं असायची. एक दिवस असा गेला नाही की ड्रम खोलून न बघता सही केली."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. म्हणजे सौभाग्यवतींनीही ऐकले होते. त्या दिवशी जेवताना कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पडवीत माझ्या जागेवर नवे लायनर, रिबिटांची पुडी आणि हातोडी मांडून ठेवलेली होती. ड्रम लेथवर फिरवून आणला. रिबिट मी ठोकल्या. अण्णांनी एक एक बोटाने तपासली आणि दोन काढायला लावल्या.

कोजागिरीनंतर आकाश निवळले. भाड्याने कॉम्प्रेसर आणला, धूळ उडू नये म्हणून पडवीत पाणी शिंपडले, ओल्या चादरी टांगल्या. रंगाचे चार हात दिले. पहिल्यालाच मी अधीरपणे एका जागी बंदूक धरून ठेवली आणि रंगाचा ओघळ आला. तो वाळवून, घासून पुन्हा. टाकीवरची सोनेरी रेघ ओढायला पाट्या रंगवणारे एक वृद्ध पेंटर आले. लांब केसांचा कुंचला, करंगळीचा टेकू, आणि श्वास रोखून एक ओढ. दोन मिनिटांचे काम. मी महिनाभर जे केले ते त्याच्यापुढे फिके दिसू लागले. क्रोममधला खळगा तसाच ठेवला.

वसुबारसेच्या सकाळी किक मारली. सातव्या किकला तिने निळा धूर सोडला आणि गल्ली पुन्हा जमली. मागे पहिल्यांदा कोण बसणार ह्याचा निकाल अण्णांनी परस्पर लावला होता. सौभाग्यवतींनी पुष्कळ विरोध केला, पण ते हेल्मेट घालून उभेच होते.

माहुलीचा पूल ओलांडून त्या दगडाच्या अलीकडे आलो तेव्हा त्यांनी खांद्यावर बोट टोचले. "चाळीसवर ने. आता लाव."

मी दोन्ही ब्रेक लावले. गाडी नाक किंचित खाली दाबून, रेघेत, जागच्या जागी थांबली. अण्णांचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठक्कन आपटले. ते सावकाश उतरले, दगडापाशी गेले आणि वाकून, डोळा अगदी जवळ नेऊन पाहू लागले. दगडाच्या पांढऱ्या चुन्यात आमच्या जुन्या रंगाचा एक ओरखडा अजून होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला, मग वळून मडगार्डाकडे पाहिले.

"आपला जरा फिकाच झालाय," ते म्हणाले. "पाचवा हात हवा होता."