कंदील आणि तार

गडचांदूरला आमच्या घरामागच्या विहिरीतला गाळ काढायचा असला की बाबा आधी कंदील सोडायचे. गडी कमरेला दोर बांधून तयार असायचा, पण बाबा त्याला थांबवायचे. पेटता कंदील हळूहळू खाली जायचा आणि आम्ही पोरं काठावर पालथी पडून ती ज्योत बघायचो. एका उन्हाळ्यात ती अर्ध्याच्या खाली थरथरली आणि विझली. बाबांनी दोर वर ओढला. गड्याला म्हणाले, "आज उतराचं नाही." मग माझ्याकडे वळून, "वरून सारं सारखंच दिसते पोरी. खाली काय हाये ते खाली सोडल्याबिगर नाही समजत."

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी मी समुद्रविज्ञान शिकायला गोव्याला गेले. एका ऑक्टोबरमध्ये कांदोळीच्या समोर, एका छोट्या बोटीवर, माझ्या आयुष्यातला पहिला 'हायड्रोकास्ट' केला.

शब्द भारी वाटतो, पण काम विहिरीतल्या कंदिलासारखंच. तारेला ठरावीक अंतरांवर बाटल्या बांधून त्या पाण्यात सोडायच्या आणि प्रत्येक खोलीचं पाणी तिथल्या तिथं कोंडून वर आणायचं. बाटली म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला जाड प्लास्टिकचा नळा. शेल निस्किन यांनी 1966 मध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून ती निस्किन बाटली. त्याआधी नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांची धातूची बाटली चालायची. नळा उघडाच खाली जातो, पाणी त्यातून आरपार वाहत राहतं. हव्या त्या खोलीवर पोचला की वरून तारेवर एक पितळी वजन सोडायचं. त्याला मेसेंजर म्हणतात, आपल्याकडचा निरोप्या. तो घसरत जाऊन पहिल्या बाटलीच्या खटक्यावर आदळतो, झाकणं मिटतात आणि त्याच धक्क्यानं तिच्याखाली टांगलेला दुसरा निरोप्या सुटतो, पुढच्या बाटलीकडे.

हे सारं डोळ्यांआड घडतं. म्हणून आमच्या सरांनी माझा हात तारेवर ठेवला. "डोळे मिट. मोज." बोट डुलत होती, सकाळपासून पोटात ढवळत होतं. आणि तारेतून तळहाताला एक बारीक ठोका आला. मग दुसरा, आणखी पुसट. मग तिसरा. तिथं तीस मीटरही पाणी नव्हतं, पण मला वाटलं, कोणीतरी फार खोलवरून 'हो' म्हणालं.

सिंधू साधनासारख्या मोठ्या जहाजावर आता सीटीडी असतं. क्षारता, तापमान आणि खोली यांचे आकडे केबलमधून थेट पडद्यावर येतात, बाटल्या एका बटणानं मिटतात. पुढे मीही तेच वापरलं आणि त्याच्या अचूकतेपुढे हाताचा अंदाज काहीच नाही, हे मला मान्य आहे. पण विद्यार्थ्यानं पहिला कास्ट हातानं तार धरूनच करावा, असं माझं ठाम मत आहे.

बाटल्या वर आल्या की पहिला मान प्राणवायूचा, कारण पाण्याला वरची हवा लागली की मोजणी गेलीच. नळी छोट्या बाटलीच्या तळापर्यंत घालून, एक बुडबुडाही न होऊ देता पाणी भरायचं, काठावरून वाहू द्यायचं. मग दोन औषधं घालायची. एक मँगनीजचं मीठ, ज्या मँगनीजच्या खाणी आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे आहेत. दुसरं आयोडाइड घातलेला अल्कली. ही 1888 सालची विंकलर यांची पद्धत. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. जितका जास्त, तितका गडद.

वरच्या पाण्याचा साका काढ्यासारखा तपकिरी झाला. मधल्याचा फिका. तळाची बाटली मी हलवली, पुन्हा हलवली. साका पांढराच राहिला, आमच्या गावच्या चुन्यासारखा पांढरा. माझ्या डोळ्यांपुढे विझलेला कंदील उभा राहिला. वर पाणी निळं होतं, मासेमारीच्या होड्या चालल्या होत्या, आणि त्यांच्याखाली एखाद्या आठ मजली इमारतीइतक्या खोलीवर श्वास घेण्याजोगं जवळजवळ काही उरलं नव्हतं.

याचं कारण सरांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या खोलातलं थंड, खारं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, वरची हवा खाली मिसळत नाही. वरच्या थरात वाढलेली सूक्ष्म वनस्पती मरून खाली पडते आणि ती कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. मग जिवाणू नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेट, आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. आमच्या बाटलीला त्या दिवशी तो नव्हता. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरची एक जागा धरून 1997 पासून हे पाणी तपासत आली आहे. तिथल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की या गुदमरलेल्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायूही मोठ्या प्रमाणात निघतो. महिन्यामागून महिने त्याच जागी तार सोडणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

दिवाळीत घरी आले. ज्या दगडावर गडचांदूरचे सिमेंटचे कारखाने उभे आहेत, तो चुनखडीचा दगड एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, हे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ अंगणातल्या फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आपली विहीर त्याच समुद्रात खोदली म्हनाची."

दुसऱ्या दिवशी आम्ही एका काचेच्या बाटलीला खाली दगड बांधला, तोंडाला बूच घट्ट बसवलं आणि बुचाला वेगळी सुतळी. विहीर काठोकाठ होती. दोन पुरुष खोल गेल्यावर मी दोर त्यांच्या हातात दिला आणि सुतळीला हिसका मारला. बाबांनी डोळे मिटले होते.

"भरून राह्यली," ते म्हणाले. "हाताला समजते."

पाण्यावर बुडबुडे यायला लागले.