नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. स्वल्पविराम मुद्दामच दिलेले नाहीत. ते दिले की हिचं रूप झाकतं. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीत हिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी पडतो, परार्धाच्या एकच पायरी खाली.

नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ही मिळते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या जातीच्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. कल्पना सुचली ती मुंबईजवळच्या डेम्लो रेल्वे स्टेशनात, आजच्या डोंबिवलीत.

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण देऊन लिहिलं, की अंकांच्या असल्या गमती वर्तमानपत्री कोड्यांना ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. संख्या सिद्धांत शिकवताना मला हे निम्मं पटतं. गुणाकार मांडून पाहा: एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या स्तंभाची बेरीज नऊ, म्हणून हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडतं. सोळाच्या पायात लिहिलं तर हाच डौल पंधरा एकांपर्यंत टिकेल. म्हणजे डौल लेखनपद्धतीचा.

आता अवयव पाडू. १११११११११ = १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. तेव्हा आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ४५. हे कुठल्याही पायात बदलत नाही.

यातली ३३३६६७ ही मूळ संख्या मला फार आवडते. १ ला तिने भागा: ०.०००००२९९७०००००२९९७… नऊ अंकांचं आवर्तन. आवर्तन नेमकं नऊ अंकी असणारी मूळ संख्या ही एकटीच. कारण तशा संख्येने ९९९९९९९९९ ला पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि त्याचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ एवढेच. पैकी ३ चं आवर्तन एक अंकी, ३७ चं तीन अंकी. उरली ही.

इथे हार्डींशी माझं जमत नाही. दहाच्या घातांना मूळ संख्येने भागल्यावर बाक्या कशा फिरतात, हा प्रश्न गाउसने १८०१ च्या ग्रंथात गांभीर्याने हाताळला आहे. कापरेकरांच्या कोड्यातून निघालेली वाट सरळ त्याच दाराशी जाते, आणि शाळेतल्या मुलालाही चालता येते.

नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्या क्वचितच मूळ निघतात: २, १९, २३, मग थेट ३१७ आणि १०३१ एकांची. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.