3072 कारकून

कुठल्या वस्तूचं झाकण उघडावं आणि कुठल्या वस्तूचं उघडू नये, याविषयी आपल्या मध्यमवर्गाचे काही ठाम संकेत आहेत. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला हरकत नाही. फक्त हात कोरडा हवा. कुकरचं झाकण वाफ जिरल्याशिवाय उघडायचं नाही. आणि टीव्ही, फ्रीज, मिक्सर यांचं झाकण तर जन्मात उघडायचं नाही. त्यासाठी 'माणूस' येतो. तो उद्या येतो असं सांगतो आणि पुढच्या आठवड्यात उगवतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या डोंबिवलीच्या घरात या संकेताला सुरुंग लावला तो कन्येनं. बारावी कॉमर्सला उत्तम मार्क पडल्यावर (वडिलांचं रक्त!) तिनं जाहीर केलं, "मी थ्री-डी अ‍ॅनिमेशन शिकणार." माझे वडील बँकेत, मी बँकेत, तिनंही पदवीनंतर बँकेच्या परीक्षेला बसावं अशी माझी साधी, पेन्शनीत निघण्याजोगी इच्छा. तो विषय काढला की ती कॉम्प्युटरकडे तोंड फिरवायची. जेवताना 'मीठ दे' आणि 'पुरे' एवढाच काय तो आमचा व्यवहार उरला होता.

कॉम्प्युटरही वैतागलेलाच होता. तिचं एकेक चित्र पुरं करायला चाळीस-चाळीस मिनिटं घ्यायचा. शेवटी 2024 च्या दिवाळीआधी ती स्वतःहून माझ्यापाशी आली. "बाबा, ग्राफिक्स कार्ड हवंय."

बँकेत आम्हाला दोनच कार्डं ठाऊक : डेबिट आणि क्रेडिट. हे पहिल्या प्रकारातलं निघालं. किंमत तीस हजारांच्या आसपास!

"एवढ्या पैशात ते करतं तरी काय?"

"तुझी ब्रँच डोळ्यांपुढे आण," ती म्हणाली. "आपल्या कॉम्प्युटरच्या सीपीयूत सहा कोअर आहेत. म्हणजे सहा हुशार ऑफिसर. कितीही गुंतागुंतीची केस द्या, निकालात काढतील. पण लाखभर बेरजा करायला सांगितल्या तर?"

"ऑफिसर आणि बेरजा?" मी म्हणालो.

"तेच ना! ग्राफिक्स कार्डात ऑफिसर नसतात. नुसते कारकून. आपण घेणार त्या आरटीएक्स 4060 मध्ये 3072 आहेत. प्रत्येकाला साधीच कामं, पण सगळे एकदम करतात. बत्तीस-बत्तीसच्या तुकड्या, आणि अख्ख्या तुकडीला एकच हुकूम."

वाचकहो, वीस वर्षं काउंटरमागे बसून जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी पोटच्या पोरीनं सांगितलं. जगाचं चित्र ऑफिसर रंगवत नाहीत, कारकून रंगवतात! मी लगेच कागद ओढला. पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. गुणाकार 20,73,600. हलतं चित्र नितळ दिसायला सेकंदाला 60 वेळा पडदा नवा करायचा, म्हणजे दर सेकंदाला 12,44,16,000 ठिपके! तेही चहाची सुट्टी न घेता, आणि 'उद्या या' न म्हणता. 1993 साली अमेरिकेतल्या तीन इंजिनिअरांनी एनव्हिडिया ही कंपनी काढली आणि 1999 साली जीफोर्स 256 हे कार्ड 'जगातलं पहिलं जीपीयू' म्हणून बाजारात आणलं. खेळातल्या मोटारी पळवायला भरती केलेले हेच कारकून आज कृत्रिम बुद्धिमत्तेची ओझी वाहताहेत. कारकुनाला एवढी किंमत आलेली पाहून मी सद्गदित झालो आणि खर्चाला मंजुरी दिली.

मंजुरी दिली, पण हिशेब तपासून. प्रश्न विजेचा होता. ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच त्याला जास्तीत जास्त 75 वॅट देते. ही झाली मंजूर मर्यादा. कार्डाचा खर्च 115. म्हणजे 40 वॅटचा ओव्हरड्राफ्ट! तो भागवायला कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून आठ पिनांची वेगळी वायर यावी लागते. तिची मर्यादा 150. आमच्या जुन्या एसएमपीएसला तशी वायरच नव्हती. तेव्हा 550 वॅटचा नवा एसएमपीएस आला. नवरी आणायला गेलं की वऱ्हाडाची सोय ओघानं आलीच. मग कार्डाची लांबी आणि डब्यातली जागा ही कुंडलीही टेपनं जुळवून घेतली.

रविवारी सकाळी मुहूर्त. कन्या सर्जन, मी बॅटरी धरणारा, आणि सौ. 'जपून हं' म्हणणारी. प्लग काढला. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत मुक्कामाला राहिलेली वीजही निघून जाते. "आता डब्याच्या पत्र्याला हात लाव," कन्या म्हणाली. मला वाटलं, नमस्कार करायचा असेल. पण कारण शास्त्रीय निघालं. चालण्या-बसण्यानं माणसाच्या अंगावर स्थिर वीज साठते. सुमारे 3000 व्होल्टपर्यंत तर आपल्याला झटका जाणवतही नाही. चिपचा मात्र त्याहून कितीतरी कमी विजेत निकाल लागू शकतो. डोंबिवलीच्या दमट हवेत हा धोका कमी, तरी मी पत्र्याला दोनदा हात लावला. नमस्कारही करून घेतला.

डब्याच्या मागच्या दोन पट्ट्या निघाल्या. कार्ड खाचेवर सरळ धरून तिनं दाबलं. एखाद्या नाजूक वस्तूवर इतका जोर लावताना बघवत नाही. मी डोळे मिटले. 'खट्' असा आवाज आला. "मोडलं?" सौ. नी विचारलं. "बसलं!" कन्या म्हणाली. ती खट् खाचेच्या कडीची होती. मग स्क्रू, मग आठ पिनांची वायर, आणि शेवटी पडद्याची केबल मदरबोर्डाच्या जुन्या तोंडातून काढून कार्डाच्या तोंडात. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणे. केबल जुन्याच जागी राहिली, तर 3072 माणसं भरती करून त्यांच्या खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावल्यासारखं होतं.

ड्रायव्हर वगैरे सोपस्कार आटोपल्यावर कन्येनं एक फाइल उघडली. "आता गप्प बसून बघ."

पडद्यावर आधी करड्या ठिपक्यांचा नुसता पाऊस. कन्या हळूच समजावत होती, की आपल्या डोळ्यापासून एकेक किरण उलटा शोधत जायचं : तो कुठे आपटला, तिथे कुठून आला, थेट दिव्यापर्यंत किंवा सूर्यापर्यंत. मला हे नवीन नव्हतं. हिशेबात फरक आला की आम्हीही व्हाउचरमागून व्हाउचर असेच मागे मागे जातो. तीनेक मिनिटांत ठिपके निवळले, आणि मला ओटी दिसली. झोपाळा, पडवी, अंगणातलं तुळशीवृंदावन. गुहागरजवळचं आमचं घर! 2009 साली भावांत वाटणी करून विकलेलं. जुन्या फोटोंवरून पोरीनं कौलन् कौल उभं केलं होतं. माझ्या वाट्याच्या पैशांची ठेव त्याच महिन्यात मुदत संपून हाती आली होती, आणि कार्डाचे पैसे गेले होते ते त्यातूनच. हे तिला ठाऊक नव्हतं. मीही बोललो नाही.

मी आईला हाक मारली. तिनं चष्मा पुसला आणि खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिली. माजघरात काचेच्या कौलातून कवडसा पडला होता.

"हा दुपारचा आहे," आई म्हणाली. "सकाळी तो उतरंडीवर यायचा. तुझे आजोबा त्यावर घड्याळ लावायचे."

कन्येनं काही न बोलता सूर्य थोडा खाली ओढला. पुन्हा ठिपक्यांचा पाऊस. 3072 कारकून पहिलं सगळं खोडून, कुरकुर न करता पुन्हा कामाला लागले. कवडसा सरकत सरकत उतरंडीवर येऊन थांबला.

"हां," आई म्हणाली, "आता चहाची वेळ झाली."

मी उठून आधण ठेवलं. बँकेच्या परीक्षेचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघालेला नाही. जेवताना मात्र मिठाच्या पलीकडचं बोलणं पुष्कळ होतं.