ऑइल खाणाऱ्या इंजिनाच्या डिपस्टिकला

प्रिय डिपस्टिक,


हे पत्र लिहिताना तू माझ्यासमोर टेबलावर आहेस. तुझ्या अंगावर मझदाच्या कारखान्यात ठोकलेल्या दोन खुणा होत्या, वर एफ आणि खाली एल. मी त्या कानशीने घासून टाकल्या आहेत. त्यांच्या जागी दोन्ही अंगांना माझ्या हातच्या आडव्या चिरा आहेत, दर अर्ध्या लिटरला एक. तुझ्या अंगावर हा घाव का घातला, ते तुला सांगायचं आहे. घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधून त्याला रोटरी इंजिन लावणाऱ्या प्रत्येकानेही ते ऐकावं, म्हणून पत्र अनावृत ठेवतो आहे.

इंजिनाचं काम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. तिथे नियम सोपा होता. सकाळी इंजिन थंड असताना पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, काढायची, बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की झालं. ते वरचेवर कमी व्हायला लागलं की मिस्त्री एवढंच म्हणायचे, ‘गाडी ऑइल खातेय, इंजिन बोअरला आलं.’ ऑइल खाणं म्हणजे दुखणं, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं. पुढे अमेरिकेत आलो आणि एका छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये मझदाच्या 13बी या रोटरी इंजिनाचं काम हाती घेतलं. तिथे हा धडा मला पुसून नव्याने लिहावा लागला.

तुझं इंजिन वेगळ्या जातीचं आहे. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत 1957 मध्ये फिरलं. हिरोशिमात मझदाच्या केनिची यामामोतो यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ते रस्त्यावर टिकेल असं केलं, आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. या इंजिनात वरखाली जाणारा पिस्टन नाही. फुगीर त्रिकोणी रोटर घराच्या भिंतीला घासत फिरतो आणि त्याचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन होतात. 13बीमध्ये असे दोन रोटर असतात, 654 सीसीचा एकेक. रोटरच्या तिन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या भिंतीवर कोरड्या घासल्या तर काही खरं नाही. म्हणून मझदाने एक छोटा मीटरिंग पंप दिला. तो इंजिनाच्या तळाच्या संपमधलं ऑइल थेंबाथेंबाने ज्वलनकक्षात सोडतो आणि ते तिथे इंधनाबरोबर जळून जातं. याशिवाय शाफ्टमधून येणारं ऑइल रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि त्याची उष्णता कूलरपर्यंत नेतं. म्हणजे हे इंजिन ऑइल खातं कारण ते तसंच घडवलं आहे. तुझ्यावरची पातळी रोज थोडी उतरणं ही त्याच्या प्रकृतीची खूण आहे.

रोटरी हे नाव विमानात तुझ्याही आधीपासून आहे. पहिल्या महायुद्धातल्या नोम, ल रोन, क्लर्जे या इंजिनांत शाफ्ट स्थिर असे आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगरत. त्यांना एरंडेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. एकदा वापरलं की ते धुराबरोबर बाहेर जाई, परत टाकीत येत नसे. भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक 1917 मध्ये जे सोपविथ कॅमल उडवत, तेही असंच एरंडेलावर चालणारं विमान. त्या विमानांच्या कॉकपिटमध्ये पल्सेटर नावाची काचेची छोटी घुमटी असे. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यातलं तेल वरखाली होई. वैमानिक नाडी बघावी तसा तिच्याकडे बघे. नाडी थांबली की उतरायला जागा शोधायची. उडत असताना तेलाची खबर मिळाली पाहिजे हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मी मात्र तुझ्या कारखान्याच्या खुणांवर विसंबलो, आणि ती चूक माझी होती. विमानाच्या नाकात बसवायचं म्हणून आम्ही मझदाचा ऑइल पॅन काढून उथळ आणि लांबट पॅन केला. तुझी नळी मागच्या टोकाला आली आणि ऑइल ओढणारी पिकअप नळी पुढे राहिली. आमचं विमान टेलव्हीलचं. जमिनीवर ते नाक वर करून, शेपटीवर बसतं, आणि ऑइल सगळं मागे, तुझ्याकडे येतं. त्या सकाळी तू एफपर्यंत भिजलेली निघालीस. मी खुशीत झाकण लावलं. धावपट्टी सोडून चढायला लागल्यावर ऑइल प्रेशरचा काटा एकदा थरथरला, मग दुसऱ्यांदा खाली झुकला. नाक खाली घेतलं तसा तो जागेवर आला. मी पॉवर कमी केली, पसरट वळण घेतलं आणि उतरलो. हात बराच वेळ थरथरत होते. तू खोटं बोलली नव्हतीस. तुझ्या त्या खुणा दुसऱ्या पॅनच्या होत्या, सपाट उभ्या असलेल्या मोटारीच्या होत्या, आणि मी त्या माझ्या विमानाला लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळं ऑइल काढलं. कूलर, नळ्या आणि फिल्टर आधी भरून घेतले, नाहीतर त्यांच्यात जाणारं ऑइल हिशेबात आलं नसतं. मग मापाने अर्धा लिटर ओतायचं, ते खाली बसेपर्यंत थांबायचं आणि तुझ्या डाव्या अंगावर चीर द्यायची. ही शेपूट जमिनीवर असतानाची खूण. मग शेपूट घोडीवर उचलून स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणायचा आणि तुझ्या दुसऱ्या अंगावर चीर द्यायची. ही सरळ उडतानाची. परत शेपूट खाली, परत अर्धा लिटर. दुपार त्यात गेली. शेपूट खाली असताना एफला टेकणारं ऑइल विमान सरळ केल्यावर एलच्याही खाली जात होतं. ते बघितलं आणि त्याच कानशीने मी कारखान्याच्या खुणा घासून टाकल्या.

खुणा खऱ्या झाल्या तरी त्यांचा अर्थ लावायचं राहतंच. मीटरिंग पंप जागेवर असेल, तर पातळी तासांच्या हिशेबाने उतरलीच पाहिजे. चार उड्डाणं झाली आणि ती हललीच नाही, तर ती आनंदाची गोष्ट नाही. एक तर पंप थेंब टाकत नाहीये आणि सील कोरडे घासताहेत, नाहीतर पेट्रोल खाली झिरपून संपमध्ये मिसळतंय आणि पातळी धरून ठेवतंय. अशा वेळी तुला नाकाशी धरावं. पेट्रोलचा वास लगेच कळतो. ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट आत आलंय. आमच्यासारख्या अनेकांनी पंप काढून टाकला आहे आणि टू-स्ट्रोक ऑइल ते थेट पेट्रोलमध्ये मिसळतात, साधारण एका अमेरिकन गॅलनला एक औंस, म्हणजे 1:128. तिथे अर्थ उलटा होतो. संपमधलं ऑइल जवळपास आहे तिथेच राहायला हवं, आणि उतरलं तर गळती शोधायची किंवा रोटरच्या ऑइल सीलवर संशय घ्यायचा. कोणी पंप ठेवून त्याला वेगळ्या छोट्या टाकीतलं ऑइल देतात. मग त्या टाकीलाही स्वतःची पट्टी हवी. तुझ्यावरची खूण तीच, पण तीन विमानांत तिचे अर्थ तीन. म्हणून मी वहीत रोज तीन आकडे लिहितो: इंजिनाचे तास, तुझी खूण आणि घातलेलं ऑइल. वेळही ठरलेली, दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी, इंजिन थंड असताना, कारण नुकत्याच थांबलेल्या इंजिनातलं ऑइल अजून खाली यायचं असतं.

तुझी मर्यादाही लिहायला हवी. तू जमिनीवरची साक्षीदार आहेस, उडताना मी तुला बाहेर काढू शकत नाही. आणि प्रेशरचा काटा पातळी सांगत नाही. पिकअप बुडालेली आहे तोवर तो निवांत उभा असतो, आणि हवा ओढली गेली की एकदम कोसळतो. मझदाने आरएक्स-7च्या पॅनमध्ये पातळी कमी झाल्यावर दिवा लावणारा सेन्सर दिला होता. पॅन बदलणारे आपण तो पॅनबरोबर काढून ठेवतो. आम्ही आता पिकअपजवळ तरंगता सेन्सर बसवला आहे आणि ऑइल हिंदकळू नये म्हणून पॅनमध्ये आडवे पत्रे घातले आहेत. दिवा काही सेकंद थांबून लागतो, नाहीतर प्रत्येक वळणाला तो लागला असता आणि आठवड्याभरात आम्ही त्याच्याकडे बघणं सोडलं असतं.

लायकमिंगचं ओ-320 इंजिन विकत घेणाऱ्याला पुस्तक मिळतं. त्यात संप आठ क्वार्टचा आणि किमान पातळी दोन क्वार्ट असं छापलेलं असतं. मोटारीचं इंजिन विमानाला लावणाऱ्याला ते पुस्तक स्वतः लिहावं लागतं. अमेरिकेत अशा इंजिनाच्या नव्या विमानाला सहसा सुरुवातीचे चाळीस तास ठरलेल्या हद्दीतच चाचणीसाठी उडावं लागतं. ते तास मोजून संपवायचे नसतात. आपलं इंजिन तासाला किती ऑइल खातं, हा आकडा त्याच तासांत हाती लागतो. अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेव्हापासून घरी विमान बांधायचं स्वप्न मराठी मुलांनाही परकं राहिलेलं नाही. त्यांतल्या एखाद्याच्या हाती उद्या रोटरी आलं, तर तुझ्यासारख्या कोऱ्या पट्टीवर स्वतः चिरा पाडण्यापासून त्याने सुरुवात करावी, एवढीच माझी विनंती.

उद्या सकाळी उडायचं आहे. शेपूट जमिनीवर असेल, म्हणजे तुझं डावं अंग बघायचं. काल ऑइल पाचव्या चिरेवर होतं. उद्याही ते तिथेच असायला हवं. नसलं तर झाकण लावणार नाही, इंजिनावरचं काउलिंग उघडेन.

तुझा,
फडकं हातात घेऊन उभा असलेला एक उद्यमनगरकर