बोटीवरची मैफल

समुद्र आणि संगीत यांची सोयरीक जुनी आहे. परंतु बोट आणि संगीत यांचा संसार नेहमीच सुखाचा झाला आहे असे नाही. प्रवासी कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके पाहावीत, तर प्रत्येक बोटीवर रोज संध्याकाळी सुरांची बरसात चाललेली असते. चित्रात पियानोपाशी कुणी बसलेले असते, मागे मावळता सूर्य असतो आणि पुढे रंगीत पेयाचा पेला घेतलेला एक प्रसन्न गृहस्थ. तो गृहस्थ पियानोकडे पाहत नसतो, ही गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते. सारी मेख तिथेच आहे!

ज्याला पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी आहे आणि जन्मात एखादीच अशी सफर परवडणार आहे, त्याने बोट निवडावी कशी? ‘बोटीवर संगीत आहे का?’ हा प्रश्न फुकटचा. संगीत बहुतेक बोटींवर असतेच. विचारायचे ते हे, की ते तिथे कुणी ऐकते का?

बोटीवरच्या वादकाचे दुखणे आजचे नाही. 1912 साली टायटॅनिकवर आठ वादक होते; वॉलेस हार्टली हा त्यांचा प्रमुख. कंपनीच्या संगीतपुस्तकात 352 रचना होत्या. प्रवाशाने नुसता आकडा सांगायचा आणि वादकांनी ती रचना वाजवायची, असा रिवाज. बोट बुडत असताना हे लोक वाजवत राहिले आणि आठांतला एकही परतला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीचे त्यांचे दिवस कसे गेले असतील? कुणाचे जेवण, कुणाचा चहा, कुणाच्या गप्पा, आणि त्यांना पार्श्वभूमी म्हणून यांचे सूर!

या रीतीला छेद देणारे एक नाव म्हणजे ‘मेरमोझ’ ही फ्रेंच बोट. 1957 साली सँ-नाझेर येथे बांधलेली ही बोट पुढे ‘समुद्रावरचा संगीत महोत्सव’ म्हणून रसिकांत गाजली. रोस्त्रोपोविच, आयझॅक स्टर्न, झाँ-पिएर राम्पाल यांच्यासारखे कलावंत तिच्यावर वाजवीत. आपल्याकडे मैफल ऐन रंगात आली की कुणीतरी हळूच घड्याळ पाहतो. त्याला शेवटची लोकल गाठायची असते. बोटीवर जाणार कुठे? रात्री ज्याचा चेलो ऐकला, तोच सकाळी शेजारच्या टेबलावर पावाला लोणी लावताना दिसायचा. गवई आणि श्रोता एका वाड्यात राहावेत, तसा हा प्रकार. ही बोट अखेर 2008 साली मोडीत निघाली, तीही आपल्या शेजारी, गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर. इतके सूर प्यायलेले ते लाकूड-लोखंड कुठल्या भंगारवाल्याच्या तराजूत गेले असेल, कोण जाणे!

आम्ही उभयतांनी भूमध्य समुद्रातली दहा दिवसांची सफर केली, ती मुख्यतः सौ.च्या हौसेखातर. तिने बारा वर्षे व्हायोलिन शिकून मुलांच्या शाळांपायी ते बाजूला ठेवले होते. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाने ही रक्कम कशी साठवली, याचे वर्णन करू लागलो तर दिवाळी अंकात शिमगा होईल. बोटीवर तीन तरुणींचे पथक होते: व्हायोलिन, चेलो आणि पियानो. पहिल्या दिवशी त्या मोठ्या जिन्याखाली वाजवीत होत्या. वर-खाली करणारी माणसे, बाजूला बार, बर्फाची खळखळ. मला वाटले, पैसे पाण्यात गेले. आणि पाणीही थोडेथोडके नव्हते!

पाचव्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागणार नव्हती. सकाळी अकरा वाजता एका लहानशा दालनात दार लावून त्याच तिघींनी ड्वोरझाकची ‘दुमकी’ वाजवली. सहा भागांची ही रचना. करुण सूर डोळ्यांत पाणी आणतात तोच नाचरी लय उसळी घेते, आणि पुन्हा सारे गहिवरून येते. माणसे जेमतेम चाळीस, पण खोकलासुद्धा कुणी काढला नाही. सौ. माझ्या शेजारी मांडीवर डाव्या हाताची बोटे चालवीत होती. ते तिच्या ध्यानातही नसावे.

नंतर व्हायोलिनवाल्या मुलीशी तिची गट्टी जमली. आम्ही खाली बसून, वाद्याचे टोक पावलावर टेकवून वाजवतो, असे सौ.ने दाखवताच ती मुलगी म्हणाली, “बोट हलते तेव्हा आम्हालाही असेच बसायला हवे!” जिन्याखाली त्या मुद्दाम छोट्या, सोप्या रचना निवडत, मध्येच पेला फुटला तरी मोठे काही बिघडू नये म्हणून. वादक त्याच, वाद्ये तीच. फरक होता तो एका बंद दाराचा आणि चाळीस गप्प माणसांचा.

तेव्हा बोट ठरवण्यापूर्वी रोजच्या कार्यक्रमाचा जुना छापील कागद मागून घ्यावा. त्यात मैफलीला स्वतःची वेळ आणि स्वतःचे दालन आहे की नुसते ‘चहाच्या वेळी संगीत’ आहे, ते पाहावे. कंपनीच्या नावावर जाऊ नये, तारीख पाहावी. ‘क्वीन मेरी 2’ ही बोट 2004 पासून अटलांटिक ओलांडते आहे. तिच्या काही ठरावीक फेऱ्यांवर ब्रिटनचा नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवीत आला आहे. ती फेरी चुकली तर ते संगीतही चुकले. ‘युरोपा’ या जर्मन बोटीने संगीताला वाहिलेल्या खास सफरी काढल्या आहेत. उलट हॉलंड अमेरिका कंपनीच्या बोटींवर लिंकन सेंटरच्या नावाने चालणाऱ्या चेंबर संगीताच्या मैफली काही वर्षे रंगल्या आणि पुढे बंद पडल्या. म्हणून शेजाऱ्यांच्या चार वर्षांपूर्वीच्या शिफारशीवर तिकीट काढू नये.

समुद्र सोसत नसेल, तर डॅन्यूब नदी आहे. तिथे बोटीवर नुसते जेवावे-झोपावे आणि संगीत काठावर ऐकावे. व्हिएन्नात तर ते ऐकायचेच. पण वाटेत लिंझही लागते. 1783 साली मोझार्ट त्या गावी उतरला आणि हाताशी एकही सिम्फनी नाही म्हणून चार-पाच दिवसांत त्याने नवी लिहून काढली. तिला आजही लिंझचेच नाव आहे. पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट असावी तर अशी!

आणि सारे काही जमून आले, की एक काम आपले आपणच करायचे. जिन्याखाली वाजवणाऱ्यांपाशीसुद्धा घटकाभर थांबावे, हातातली कपबशी खाली ठेवावी आणि त्यांच्याकडे तोंड करून ऐकावे. त्या बाकीचे लोक नाही मोजत. तुम्हाला मात्र नक्की मोजतात.